रुमी मस्तकी: हलक्या हाताचं औषध

काष्ठौषधींच्या दुकानात रुमी मस्तकी मागितली की दुकानदार ती समोरच्या पोत्यातून किंवा डब्यातून काढत नाही. मागच्या कपाटातली काचेची बाटली खाली येते आणि छोट्या काट्यावर ग्रॅमांच्या हिशेबाने तोलून पुडी बांधली जाते. किलोचा भाव हजारांच्या घरात असल्याने दहा ग्रॅम, पंचवीस ग्रॅम हीच तिची नेहमीची मापं. फिकट पिवळसर, अर्धपारदर्शक, वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान दाणे, वरून किंचित धुरकट. हे एवढं महाग औषध घरी नेल्यावर बहुतेक वेळा दोन ठिकाणी वाया जातं: एक मिक्सरच्या भांड्यात, दुसरं उकळत्या पाकात. दोन्हीकडे दोष उष्णतेचाच असतो. युनानी दवासाजीत, म्हणजे औषधं बनवण्याच्या शास्त्रात, मस्तकीसाठी जे नियम सांगितले आहेत ते जवळजवळ सगळे तिला उष्णतेपासून सांभाळण्याचे आहेत. हे नियम नीट समजून घेतल्याशिवाय मस्तकीचा गुण येतो की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही, असं मला वाटतं.

मस्तकी हा पिस्त्याच्या कुळातल्या एका झुडपाचा राळेसारखा स्राव आहे. झाडाचं शास्त्रीय नाव पिस्तासिया लेंटिस्कस. ही झुडपं भूमध्य समुद्राच्या काठाने सर्वत्र वाढतात, पण बाजारात विकण्याजोगी मस्तकी येते ती मुख्यतः एकाच बेटावरून, ग्रीसच्या किओसवरून. त्यातही बेटाच्या दक्षिण भागातल्या मोजक्या गावांतून. झाड दोन-तीन मीटर उंच वाढतं आणि पाच-सहा वर्षांचं झालं की स्राव द्यायला लागतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला झाडाखालची जमीन झाडून, सपाट करून तिच्यावर पांढरी चुनखडीची भुकटी पसरतात. मग जुलैपासून खोडाला आणि जाड फांद्यांना टोकदार हत्याराने बारीक चिरा देतात. चिरेतून आलेला चीक थेंबाथेंबाने खाली ओघळतो किंवा सालीवरच थिजतो. तो कडक व्हायला साधारण पंधरा ते वीस दिवस लागतात. तेवढ्यात पाऊस आला तर माल बिघडतो. गोळा केल्यावर चाळणं, धुणं, वाळवणं, आणि मग गावातल्या बायका एकत्र बसून एकेक दाणा सुरीच्या टोकाने खरवडून साफ करतात, ते काम हिवाळाभर चालतं. एका झाडापासून वर्षाला मिळते ती शे-दीडशे ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून कमी. किंमत इतकी का, याचं उत्तर यातच आहे.

या बेटाच्या मस्तकीवर सत्ता गाजवण्यासाठी राज्यं झगडली. १३४६ ते १५६६ जिनोआच्या व्यापाऱ्यांचा ताबा, त्यानंतर १९१२पर्यंत उस्मानी तुर्कांचा. कोलंबसाने १४९३ साली आपल्या पहिल्या सफरीचं वर्णन करणारं पत्र लिहिलं, त्यातही नव्या मुलुखात मस्तकी मिळेल असं आश्वासन आहे. तोपर्यंत ती फक्त किओसवर मिळते हे तो तिथेच नोंदवतो. पुढे १९३८ साली उत्पादकांचा सहकारी संघ झाला, १९९७ साली युरोपीय संघाने भौगोलिक मानांकन दिलं आणि २०१४ साली मस्तकी पिकवण्याचं कौशल्य युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आलं. २०१२च्या ऑगस्टमध्ये बेटावर मोठा वणवा लागून मस्तकीची बरीच झाडं जळाली. नव्याने लावलेलं झाड चिरा द्यायच्या वयाला यायला पाच-सहा वर्षं घेतं हे लक्षात घेतलं, म्हणजे अशा एका आगीचा परिणाम किती लांबतो ते कळतं.

आपल्याकडे ती आली अरबी-फारसी वैद्यकाच्या वाटेने. पहिल्या शतकातल्या ग्रीक डायोस्कोरिडीसपासून अकराव्या शतकातल्या इब्न सीनापर्यंतच्या वैद्यांनी जे लिहिलं तेच दिल्ली, लखनौ, हैदराबादच्या हकिमांनी वापरलं, आणि आज मुंबई, पुणे, मालेगावच्या युनानी महाविद्यालयांत तेच शिकवलं जातं. युनानी मताने मस्तकीचा मिजाज, म्हणजे प्रकृती, दुसऱ्या दर्जाचा उष्ण आणि कोरडा. ती ‘मुकव्वी-ए-मेदा’, म्हणजे जठराला बळ देणारी, आणि ‘कासिर-ए-रियाह’, म्हणजे वायू मोडणारी. यातली खरी कळ पुढच्या प्रश्नात आहे: कोणाच्या जठराला? थंड आणि ओल्या मिजाजाच्या, ज्यात बलगम, म्हणजे कफ, साठला आहे अशा जठराला. माणूस थोडं खाल्लं तरी जड होतो, तोंडाला पाणी सुटत राहतं, जिभेवर पांढरा थर असतो, पोट फुगतं, ढेकर येतात पण हलकं वाटत नाही. अशाला मस्तकी. ज्याच्या छातीत आग होते, तोंड कोरडं पडतं, शौचाला खडा होतो, त्याला हकीम सहसा मस्तकी देत नाही, आणि दिलीच तर गुलाब, धने अशा थंड औषधांच्या सोबतीने देतो. ‘पोटासाठी चांगली’ एवढंच ऐकून ती सरसकट घेणाऱ्यांचं जे निराश होणं असतं, ते बऱ्याचदा इथून सुरू होतं.

तिचं दुसरं काम मला अधिक शहाणपणाचं वाटतं. युनानीत तीव्र औषधाबरोबर त्याचा त्रास आवरणारं दुसरं औषध द्यायची पद्धत आहे. त्याला ‘मुस्लिह’ म्हणतात. काळ्या बोळाने, म्हणजे कोरफडीच्या वाळवलेल्या चिकाने, रेच होताना पोटात मुरडा येतो. म्हणून ‘अयारिज फैकरा’ या जुन्या योगात, म्हणजे मिश्र औषधात, त्या चिकाच्या सोबत मस्तकी, दालचिनी, जटामांसी आणि केशर असतं. हीच जोडी युरोपातही गेली. कोरफडीचा चीक, मस्तकी आणि गुलाबाच्या पाकळ्या यांच्या गोळ्या एकोणिसाव्या शतकातल्या पाश्चात्त्य औषधिग्रंथांत होत्या आणि जेवणाच्या वेळी घ्यायच्या गोळ्या म्हणून त्या खपत असत. जालिनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलन, याच्या नावाने चालणाऱ्या ‘जवारिश जालिनूस’मध्येही मस्तकी आहे, तिथे ती सुंठ, मिरी, लवंग, कुलिंजन यांच्या गर्दीत जठराची बाजू सांभाळते.

आता खरेदी. महाग वस्तूत भेसळ असायचीच. मस्तकीत सापडतात ते मुख्यतः चार जिन्नस: संदरूस (दुसऱ्या एका झाडाची राळ), कुंदुर (धूपाचा डिंक), साधी राळ आणि पिस्त्याच्याच दुसऱ्या जातींचा डिंक. या शेवटच्याला जुन्या इंग्रजी औषधिग्रंथांत ‘बॉम्बे मॅस्टिक’ असं नाव होतं, कारण बलुचिस्तान आणि अफगाणिस्तानातल्या झाडांचा तो माल मुंबईच्या बंदरातून पुढे जात असे. तो अगदीच टाकाऊ नाही, पण किओसची मस्तकी नव्हे, आणि तिच्या भावाने तर मुळीच घेऊ नये. दिसायला अधिक मळकट, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे झालेले.

पारखायला प्रयोगशाळा लागत नाही, दात पुरतात. एक दाणा दाढेखाली घ्या. अस्सल मस्तकी आधी कुरकुरीत फुटते, भुगा होतो, आणि अर्ध्या-एक मिनिटात तोच भुगा तोंडाच्या उबेने गोळा होऊन पांढरा, मऊ, चघळता येण्याजोगा होतो; दाताला चिकटत नाही. वास देवदाराकडे झुकणारा, चव आधी किंचित कडसर, मग स्वच्छ. संदरूसही तसाच फुटतो, पण कितीही चावला तरी त्याची रेतीच राहते, गोळा बांधत नाही. त्याचे दाणे लांबट, कांडीसारखे असतात, मस्तकीचे गोल किंवा थेंबाच्या आकाराचे. साधी राळ दाताला चिकटून बसते आणि जीभ कडू करते. कुंदुर मात्र तोंडात फसवू शकतो, कारण तोही चघळता येतो. त्यासाठी पाणी वापरा: दाणा ओल्या दगडावर किंवा बशीत थेंबभर पाण्याबरोबर घासला तर कुंदुराचं दुधासारखं पाणी होतं, कारण त्यात राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो. सातपुड्यात आणि विदर्भाच्या जंगलात होणाऱ्या सालईच्या डिंकाचंही असंच होतं. मस्तकी पाण्याला दाद देत नाही, पाणी स्वच्छच राहतं.

दाणा ताजा की जुना हेही पाहावं. जुना होत जातो तसा पिवळेपणा वाढतो, वास मंदावतो. तिच्यातलं सुगंधी तेल शंभरात एक ते तीन भाग, त्यात मुख्य पायनीन. ते हळूहळू उडून जातं. म्हणून काचेची, घट्ट झाकणाची बाटली, आणि गॅसच्या शेगडीपासून दूर. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात उघड्या फळीवर ठेवलेल्या बाटलीतले दाणे एकमेकांना चिकटतात. फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

कुटण्याचं काम सोपं दिसतं आणि इथेच बहुतेकांचा माल जातो. मस्तकी थंड असताना काचेसारखी ठिसूळ, आणि थोडी ऊब लागताच चिवट. तिच्यात मायर्सीन नावाच्या रेणूंची लांब साखळी असते, रबराच्या नातलगासारखी. तीच तिला चघळण्याजोगी करते आणि तीच मिक्सरच्या पात्यावर थापते. वेगाने फिरणाऱ्या पात्याची घर्षणाची उष्णता काही सेकंदांत तिला मऊ करते. मग पूड होत नाही, भांड्याच्या तळाशी एक चिकट कडं तयार होतं. लोखंडी खलबत्त्यात जोराने ठोकलं तरी तेच होतं. युनानी पद्धत चिनी मातीच्या खलाची आहे, आणि शब्द आहेत ‘हलक्या हाताने’. दाणे पंधरा-वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, खलही गार असू द्या. बाहेर काढल्यावर दाण्यांवर दव जमलं तर कापडाने टिपून घ्या. एका वेळी पाच ग्रॅमहून जास्त घेऊ नका. बत्ता आपटायचा नाही, गोल फिरवायचाही नाही. आधी वरून दाबून दाणे फोडायचे, मग अगदी कमी जोराने सरकवत बारीक करायचे. पाच ग्रॅममागे दोन-तीन ग्रॅम दाणेदार साखर सोबत घातली तर साखरेचे कण मस्तकीच्या कणांना एकमेकांना भिडू देत नाहीत आणि घर्षणही वाटून घेतात. ही साखर नंतर योगातल्या साखरेतून वजा करा. बत्ता जड लागायला लागला, खलाच्या कडेला चमक दिसली, की थांबून पुन्हा गार करा. खलाला बसलेली मस्तकी पाण्याने निघत नाही. तेलाचा बोळा फिरवून मग साबण लावावा.

एवढी पूड झाली की जवारिश. जवारिश हा पचनासाठीच्या पाकवजा औषधांचा वर्ग. त्यात पूड माजून या दुसऱ्या पाकवजा औषधाइतकी बारीक करत नाहीत, थोडी भरड ठेवतात, म्हणजे ती जठरात अधिक वेळ टिकते असा हकिमांचा विचार. ‘जवारिश मस्तगी’ सगळ्यात साधी: मस्तकी, साखर, गुलाबाचा अर्क. औषधिग्रंथांत प्रमाणं वेगवेगळी आहेत. घरच्या हिशेबाला समजायला सोपं म्हणून ३० ग्रॅम मस्तकी, ५०० ग्रॅम साखर आणि २५० मिलिलिटर द्रव धरू. सगळा द्रव अर्काचाच घेण्याची रीत आहे, पण अर्क उकळून उडून जातो आणि मागे फक्त पाणी राहतं. माझं मत असं की २०० मिलिलिटर पाणी घ्यावं आणि ५० मिलिलिटर अर्क शेवटासाठी राखावा.

कल्हईच्या भांड्यात साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा, विरघळल्यावर ढवळणं बंद. वर येणारी मळी काढा. अर्धा ग्रॅम सायट्रिक ॲसिड किंवा एका छोट्या लिंबाचा गाळलेला रस घाला. याचं काम चवीचं नाही. आंबटाने काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि त्या मिश्रणात पुन्हा खडे धरत नाहीत. हे विसरलं की महिन्याभरात जवारिश वाळूसारखी होते, आणि मग लोक मस्तकीलाच दोष देतात. पाक शरबताच्या एकतारीहून घट्ट हवा: बोटांत धरून ओढला तर दोन-तीन तारा सुटल्या पाहिजेत. अर्क शेवटी घालायचा असल्यामुळे त्याआधी पाक थोडा जास्तच घट्ट करावा लागतो. पाक कच्चा राहिला तर बुरशी येते, फार पुढे गेला तर बरणीत दगड होतो.

भांडं खाली उतरवा, अर्क घाला, एकदा ढवळा, आणि आता वाट पाहा. गरम पाकात पूड टाकली की ती ऐंशी अंशांच्या पुढे मऊ पडून दोऱ्यांसारखी चमच्याला गुंडाळते, आणि तिचा सुगंध वाफेबरोबर घरभर पसरतो. घरभर वास आला म्हणून खूश होऊ नये, तेवढं औषध बरणीत कमी गेलेलं असतं. उलट पाक अगदी गार होऊ दिला तर तो इतका जड होतो की पूड वरच तरंगते आणि गुठळ्या होतात. पन्नास अंशांच्या आसपास, भांड्याला बाहेरून हात लावून धरवेल इतका कोमट झाला की पूड चिमटीचिमटीने भुरभुरवत घाला आणि लाकडी पळीने एकाच दिशेने घोटत राहा. पूर्ण गार होईपर्यंत अधूनमधून घोटावं लागतं, नाहीतर पूड वर येऊन थर धरते. मग कोरडी काचेची बरणी. आत ओला चमचा कधीच जाऊ नये.

मात्रा पाच ते दहा ग्रॅम, म्हणजे साधारण एक ते दोन चहाचे चमचे, जेवणानंतर. वरच्या प्रमाणात सगळं मिळून साधारण ६४० ग्रॅम जवारिश होते. म्हणजे पाच ग्रॅममध्ये मस्तकी पाव ग्रॅमच्या जरा खाली आणि दहा ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमच्या जवळ. हा हिशेब मी मुद्दाम देते आहे, कारण आधुनिक चाचण्यांची मात्रा याच टापूत येते. ग्रीसमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, जेवणानंतर जडपणा आणि पोटदुखी असलेल्या पण तपासणीत दुसरा आजार न सापडलेल्या १४८ जणांपैकी काहींना ३५० मिलिग्रॅम मस्तकी दिवसातून तीनदा, तीन आठवडे दिली, बाकीच्यांना औषध नसलेली गोळी. मस्तकीच्या गटात ७७ टक्के लोकांना स्पष्ट आराम पडला, दुसऱ्या गटात ४० टक्क्यांना. हा दुसरा आकडाही नीट वाचावा: अशा तक्रारी नुसत्या गोळीनेही बऱ्याच जणांच्या कमी होतात. युरोपीय औषध संस्थेने २०१५ साली मस्तकीला सौम्य अपचन आणि त्वचेचे किरकोळ दाह, जखमा यांसाठी पारंपरिक औषध म्हणून मान्यता दिली. ती दीर्घ वापराच्या आधारावर आहे, ठोस चाचण्यांच्या नव्हे.

मस्तकी अल्सरचा जंतू मारते हा दावा मात्र आवरायला हवा. १९९८ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या छोट्या पत्रात मस्तकी हेलिकोबॅक्टर पायलोरी मारते असं दिसलं, पण ते काचेच्या बशीत. पुढे माणसांवरच्या छोट्या चाचण्यांत एकीत कोणाचाच जंतू गेला नाही, दुसरीत मोजक्यांचा गेला. आज ज्याच्या तपासणीत हा जंतू सापडला त्याने प्रतिजैविकांचा कोर्स पुरा करावा. त्याऐवजी मस्तकी घेत राहणं हे औषधाशीही अन्यायाचं आहे आणि जठराशीही.

बाहेरून लावायला ‘रोगन मस्तगी’ आहे. तिळाच्या किंवा ऑलिव्हच्या तेलाचं भांडं उकळत्या पाण्यावर ठेवून त्यात पूड विरघळवायची. थेट आचेवर तेल तापलं तर मस्तकी तळाशी बसून करपते. कोमट करून पोटावर हलकं चोळतात, सांध्यांनाही लावतात. हिरड्या सैल असतील, तोंडाला वास येत असेल तर एक दाणा चघळून थुंकणं पुरतं, आणि त्यासाठी काही बनवावंही लागत नाही. नुसती पूड घ्यायची असेल तर युनानी मात्रा दिवसाला एक ते दोन ग्रॅम, गुलकंदात कालवून. नुसत्या पाण्याबरोबर घेतली तर ती घशात चिकटते.

पिस्ता किंवा काजूची ॲलर्जी असलेल्यांनी मस्तकी टाळावी, कुळ एकच आहे. मधुमेह असेल तर जवारिश हे बहुतांश साखरच असतं हे विसरू नये. त्यांना गुलकंदही चालणार नाही, दाणा चघळणं जमेल. गरोदरपणात आणि लहान मुलांना हकिमाला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. बद्धकोष्ठ वाढलं तर मात्रा निम्मी करावी किंवा थांबवावं. आणि वजन उतरत असेल, शौच काळं होत असेल, गिळताना अडत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, किंवा चाळिशीनंतर अपचन पहिल्यांदाच सुरू होऊन तीन-चार आठवडे टिकलं असेल, तर कुठलीही बरणी उघडण्याआधी दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.